चौथ्या ओळीत नाव

परवा गुरुवारी वीज गेली होती. आमच्या भागात गुरुवारी कारखान्यांना सुट्टी आणि विजेलाही, त्यामुळे पंखा थांबला की वार कळतो, कॅलेंडर बघावं लागत नाही. मी गच्चीवर कुरडयांचं फडकं सारखं करत होते, तेवढ्यात फोन वाजला. निगडीहून कुणी बाई बोलत होत्या.

"काकू, निरोपाची गाणी तुम्हीच लिहिता ना? आमच्या मिस्टरांचं एकतीसला आहे."

"लिहीत होते, बाई. आता नाही होत."

"चारच ओळी चालतील हो. नाव जगन्नाथ आहे."

मी नाही म्हटलं आणि फोन ठेवला. आणि ठेवल्याठेवल्या डोक्यात सुरू झालं. हात, साथ, भात, जात, वात. थ-ला त चालवून घ्यायचा, आपलं गाणं आहे, परीक्षेचा पेपर नाही. कुरडया तशाच राहिल्या आणि मी कठड्याला टेकून जगन्नाथ नावाच्या, कधी न पाहिलेल्या माणसासाठी ओळी जुळवत उभी. म्हटलं, हे काही सुटायचं नाही. हात दुखतात, गुडघे दुखतात, पण ही खोड काही दुखून थांबत नाही.

आता हे 'एकतीसला' म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या पिढीतल्या माणसांना आपला जन्म कधीचा ते ठाऊक नसायचं. आई सांगायची, भात कापणीला लागला होता तेव्हा तू झालास, किंवा थोरली म्हैस व्याली त्याच आठवड्यात. शाळेत नाव घालायला नेलं की गुरुजी तोंडाकडे बघायचे, अंदाजाने साल धरायचे आणि तारीख लिहायचे एक जून. सगळ्यांची एक जून. म्हणून कंपनीत लागलेली ही सगळी माणसं पुढे निवृत्तही एकाच दिवशी झाली, एकतीस मेला. लोकांना आंब्यांचा मोसम असतो, लग्नांचा असतो, आम्हाला निरोपांचा आहे. मे निम्मा सरला की वसाहतीत मंडप पडायचे. माणूस कंपनीच्या गेटमधून शेवटचा बाहेर येणार, उघड्या जीपमधून हार घालून घरी येणार, दारात बायका ओवाळणार, आणि एका संध्याकाळी नवरा-बायकोला शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसवून शाल-श्रीफळ. साहेब दोन शब्द बोलणार. मग बायकांचं गाणं. ते माझं.

मी शिकलेली सातवी. गाणी कुणी शिकवली नाहीत. पाळणाघराच्या बाईंच्या मुलीचं बारसं होतं, पाळणा कुणाला येईना, तेव्हा मी उभ्याउभ्या चार ओळी रचल्या, तिथून हे मागे लागलं. कंपनी दरवर्षी डायरी द्यायची. चांगली, रेक्झिनच्या पुठ्ठ्याची. आमच्यात डायरी लिहायला वेळ कुणाला? त्या डायऱ्या माझ्या झाल्या. एका पानावर नाव लिहायचं आणि खाली त्याची यमकं. शोधायची पद्धत माझी मीच काढलेली. नावाचं शेपूट धरायचं आणि त्याला क पासून एकेक अक्षर लावत जायचं, जसं सुनेला एकेक बांगडी घालून बघतात, कुठली बसते ती. काम, खाम, गाम, घाम. अर्थ लागला तर ठेवायचं, नाही तर पुढे. भाजी निवडताना, पाणी भरताना, ओठ हलत असायचे. बघणाऱ्याला वाटायचं बाई जप करते.

तर सात वर्षांपूर्वीचा तो मे. नवीन खातं सुरू झालं तेव्हा एकदम भरती झालेली माणसं, ती त्या वर्षी एकदम सुटली. आमच्या वसाहतीतले नऊ जण. एकाच दिवशी नऊ मंडप कुठे घालणार, म्हणून वीस-बावीस तारखेपासूनच एकेका संध्याकाळी एकेकाचा कार्यक्रम ठरला. नऊ माणसं, नऊ गाणी. त्यातले एक आमचे हे.

त्या मेचं ऊन अजून डोळ्यांवर आहे. पाणी दिवसाआड. पहाटे चीक शिजवायचा, तो हाटताना खांदा भरून यायचा, मग गच्चीवर कुरडया घालायच्या, आणि कावळे हाकलायला काठी घेऊन बसायचं. मांडीवर डायरी. आंबलेल्या गव्हाचा वास, तापलेल्या सिमेंटचा वास, आणि लांबून, रेल्वेलाइनीच्या पलीकडून कंपनीतल्या लोखंड ठोकायच्या हॅमरचा ठोका. धप्प. थांबून परत धप्प. तो ठोका जमिनीतून यायचा, कानातून नाही. मी त्याच तालावर ओळी मोजायची.

दिगंबरभाऊंचं पहिलं होतं. दिगंबरला काय मिळणार? अंबर, नंबर, कंबर. मी 'कामात ज्यांचा पहिला नंबर' केलं आणि पुढे 'ओझी उचलून वाकली कंबर'. खरंच वाकली होती त्यांची. पण त्यांच्या बायकोने आदल्या दिवशी येऊन सांगितलं, "वहिनी, आमच्यांची कंबर चारचौघांत काढू नका. अजून धाकटीचं लग्न व्हायचंय." मग कंबर काढली आणि अंबर घातलं. पोपटरावांना खटपट आणि झटपट सोडून काही मिळेना, लोक हसले, तेही हसले. भगवानरावांना मान, पान, छान. काही कष्ट नाहीत.

खरी पंचाईत रामांची होती. नऊ जणांत राम चार. तुकाराम, आत्माराम, बळीराम आणि आमचे सखाराम. रामाला यमकं भरपूर आहेत असं वाटतं, पण कामगाराच्या उपयोगाची तीनच. काम, घाम, आराम. जाम आणि चाम कुठे घालणार? तुकारामभाऊंना मी तीनही वापरली. आत्मारामना पुन्हा तीच, थोडी फिरवून. बळीरामच्या वेळी गाणं सुरू झालं आणि पुढच्या रांगेतल्या बायका माझ्या आधीच म्हणाल्या, "...घाम."

हिराबाई आमची ढोलकीवाली. मूळची इथलीच, मावळातली, रानं कारखान्यांत गेली तरी बोली राहिलेली. ढोलकी मांडीवरून उतरवत म्हणाली, "मंदे, आता सखारामभावजींनाबी ह्योच घाम पाजनार हाईस का? स्वताच्या नवऱ्याला तरी कायतरी नवं कर गं. कुरडईचा चीक हाय का ह्यो, रोज त्योच शिजवायचा?"

मी हसले. पण लागलं. म्हटलं, नऊ जणांत आपल्याच माणसाला शिळं वाढायचं नाही.

आता एक गोष्ट सांगते, जी तेव्हा वसाहतीत मी सोडून कुणाला माहीत नव्हती. यांना ऐकू येत नव्हतं.

एका दिवसात गेलं नाही ते. हॅमरच्या खात्यात सगळा जन्म. तिथे तोंडाने बोलून उपयोगच नाही, माणसं ओठ बघून आणि बोटं हलवून बोलतात. त्यामुळे कान कधी गेले ते यांनाही कळलं नसावं. मला कळलं दुधावरून. यांच्या पाठीमागे दूध उतू जात होतं, मी मोरीतून ओरडत होते, आणि हे शांतपणे वर्तमानपत्र वाचत बसलेले. त्या दिवशी मी समोर जाऊन बसले आणि विचारलं. वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "कुनाला बोलू नकोस. खातं बदलत्याल. बागंत झाडांना पानी घालाया बसवत्याल."

मी नाही बोलले. अकरा वर्षं. दार वाजलं की मी उठायची. फोन आला की, "हे अंघोळीला गेलेत, मला सांगा." लग्नात कुणी यांच्याशी बोलायला आलं की मी शेजारी, त्यांच्याकडे तोंड करून तेच पुन्हा बोलायची, "बघा हो, हे विचारतायत, गावाकडे पाऊस कसा आहे?" लोकांना वाटायचं बाई फार मध्ये मध्ये करते. एका संसारात दोघांचं ऐकायचं काम एकीनं करायचं, याचा शीण कसा असतो सांगू? झोपूनही जात नाही तो. झोपेतही एक कान उघडा ठेवावा लागतो, दोघांच्या वाट्याचा.

तर मी यांच्यासाठी नवं गाणं लिहिलं. चार दिवस घेतले. राम या शेपटाला हातच लावला नाही. नाव ओळीच्या शेवटी न आणता आत मुरवलं, कणकेत मीठ घालतात तसं. त्यातली एक जोडी अजून पाठ आहे:

तापलं लोखंड मऊ झालं ज्यांच्या हाती,
सखाराम नावाची ती साधीच माती.

मला वाटतं आयुष्यात मी एवढं चांगलं दुसरं काही लिहिलं नाही. संध्याकाळी हे पंखा खोलून बसले होते, जमिनीवर वर्तमानपत्र, त्यावर स्क्रू. मी समोर बसले आणि म्हणून दाखवलं. हे ओठांकडे बघत होते. दोन कडवी झाली, मी थांबले, तांब्यातलं घोटभर पाणी प्यायले.

हे मान डोलावून म्हणाले, "चांगलं हाय." आणि हात जोडले. तालीम म्हणून.

"अहो, अजून संपलं नाही. आणि नाव कधीच येऊन गेलं."

हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला त्यांनी. "माझं गानं ठेवू नकोस," म्हणाले.

"का?"

"हसायचं कवा ते कळत न्हाई."

मग सांगितलं सगळं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या कार्यक्रमांना ते कायम दिगंबरभाऊंच्या शेजारी बसायचे. दिगंबरभाऊंचं कोपर हललं की टाळी. त्यांचं पोट हललं की हसायचं. "पन त्या दिवशी मी वर बसनार, आनि समदे माझ्याकडं बघनार," म्हणाले. "गान्यात नाव आलं की मानूस हात जोडतो, हसतो. मी नुसता बसून ऱ्हाईन, नाय तर भलतीकडंच जोडीन. शेवटच्या दिशी कळंल सगळ्यांना. साहेबांस्नी वाटंल, एवढी वर्सं फसवलं ह्यानं."

म्हणूनच 'आधी बाकीच्यांचं होऊ द्या' म्हणत यांनी आपला कार्यक्रम शेवटी ढकलला होता, हे मला तेव्हा कळलं. मी समजत होते माणूस मोठ्या मनाचा आहे. तसा तो आहेच, पण या वेळी ते कारण नव्हतं.

गाणं ठेवायचं नाही म्हणणं सोपं. आठ जणांची गाणी बायकोने लिहायची आणि नवव्याला, तिच्या स्वतःच्या नवऱ्याला, गाणं नाही? तेव्हाही लोकांनी विचारलंच असतं.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर काठी घेऊन बसले. हातात डायरी, पण अक्षर सुचेना. समोर पाण्याच्या टाकीला आरसा बांधलेला होता, हे तिथे उजेडात दाढी करायचे. त्यात माझं तोंड दिसत होतं. मी सहज, सवयीने, पुटपुटले. काम. घाम. आणि बघत राहिले. तोंड मोठं उघडतं, मग दोन्ही ओठ मिटतात. काम. मिटले. घाम. मिटले. हाती म्हटलं, माती म्हटलं, तर शेवटाला ओठ उघडेच राहतात, दारावर पडदा हलल्यासारखे. त्यात माणसाने काय ओळखायचं?

मी खाली गेले, यांच्यासमोर उभी राहिले आणि तेच म्हणाले. नवीन काही नाही. तुकारामभाऊंचं, आत्मारामचं, बळीरामचं तेच.

जन्मभर केलं काम,
भट्टीपुढं गाळला घाम,
आता घ्यावा जरा आराम,
घरी आले सखाराम.

पहिल्यांदा यांनी नुसतं पाहिलं. "परत म्हन," म्हणाले. दुसऱ्यांदा बोटं मोजली. तिसऱ्यांदा, चौथी ओळ सुरू व्हायच्या आत, हात जोडायला वर आले होते.

"तीनदा व्हट मिटले की चवथ्याला मी," म्हणाले.

यमक म्हणजे काय, हे मला एवढी वर्षं लिहून कळलं नव्हतं. मला वाटायचं ती गोडी आहे, जेवणावरचं लोणचं. पण ती खूण असते. पुढे कोण येणार आहे ते आधीच सांगून ठेवणारी. ऐकणाऱ्याला कानाला कळतं, यांना डोळ्याला. आणि ती झिजलेली असेल तितकी बरी. पायऱ्या झिजलेल्या असल्या की अंधारातही पाय बरोबर पडतो. ती माती-हातीची पानं मी डायरीत मिटून ठेवली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. जे चांगलं जमलं होतं ते कुणी ऐकलंच नाही.

एकतीसची संध्याकाळ. जीप येऊन गेली होती, अंगणात झेंडूच्या पाकळ्या तुडवलेल्या. मंडपात पंखे गरम हवा फिरवत होते. आम्हा दोघांना खुर्च्यांवर बसवलं, शाल घातली, त्या उकाड्यात. साहेब बोलले. हे माझ्याकडे बघत होते, मी किंचित मान हलवली की हेही हलवायचे. तिथवर जमलं. मग गाण्याची वेळ झाली आणि मी खुर्चीवरून उठले.

हिराबाई म्हणाली, "बस की गं खाली. आज तुझाच सत्कार हाय, आमी म्हनतो."

मी बसले नाही. शेजारी बसून तोंड कसं दिसणार? मी खाली उतरले आणि बरोबर यांच्या समोर जाऊन उभी राहिले. एवढा मी विचार केला होता, पण एक विसरले होते. साउंडवाल्याने माईक आणून हातात दिला. आणि माईक तोंडाजवळ धरला की ओठ झाकतात.

यांच्या चेहऱ्यावर मी ते पाहिलं. भीती. हॅमरखाली उभं राहणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर मी ती कधी पाहिली नव्हती.

मी माईक खाली घेतला. हनुवटीच्याही खाली, छातीपाशी. हिराबाईने ढोलकीवर थाप दिली. मी सुरुवात केली. माझा आवाज मुळात बारीक, त्यात बावीस तारखेपासून रोज गाऊन बसलेला. मागून लोक म्हणू लागले, "काकू, माईक वर धरा." "ऐकू येईना हो." "आवाज वाढवा रे." मी तशीच. पुढच्या बायकांनी ओळखलं आणि कुजबुजल्या, पुन्हा घामच का. एक जण हसली. मी यांच्याकडे बघून एकेक अक्षर चावून म्हणत होते, काम, घाम, आराम, लहान मुलाला भरवताना आपलंच तोंड उघडतं ना, तसं. आणि चौथी ओळ. तालीम सोडली तर तोवर मी यांचं नाव आख्ख्या आयुष्यात चारदा घेतलं असेल, उखाण्यात. चारचौघांत, असं सरळ तोंडावर, कधी नाही.

सखाराम म्हणत माझे ओठ मिटले आणि यांचे हात जोडले गेले. बरोबर त्याच क्षणाला. हसले. मान लववली. मंडप टाळ्या वाजवत होता, निम्म्यांना तर गाणं ऐकूच आलं नव्हतं. साहेब शेजारच्याला म्हणाले, बघा, माणूस किती भरून आलाय.

कार्यक्रम संपल्यावर पातेली उचलताना हिराबाई मला म्हणाली, "शेवटी शिळाच चीक वाढलास." मी म्हटलं, "काय करू, दमले होते." ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग पातेलं माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाली, "बस जरा." एवढंच. पण दुसऱ्या दिवसापासून यांना हाक मारायची झाली की हिराबाई आधी अंगणात समोर येऊन उभी राहायची, मगच "भावजी" म्हणायची. मी कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही.

त्यानंतर मी फारशी गाणी लिहिली नाहीत. लागतही नाहीत आता. आमच्या वसाहतीत यंदा एकही निरोप नाही. संतोष, आमचा मुलगा, चाकणला कंत्राटावर कामाला जातो. पहाटेची बस, तीन शिफ्ट, सहा-सात महिने झाले की नवं ठिकाण, गळ्यातलं ओळखपत्र नवं. त्याला एक जून लागू नाही. त्याची तारीख दवाखान्याच्या दाखल्यावर बरोबर मिनिटासकट आहे, पण त्याला गेटपर्यंत सोडायला कोण येणार, कुठल्या गेटपर्यंत? त्याचं नाव डायरीत लिहून ठेवलंय मी. खाली यमकं. जोश, घोष, आणि दोष. दोषवर काट मारली आहे. नात म्हणते, आजी, फोनला नाव सांगितलं की तो मिनिटात गाणं करून देतो. दाखवलंही तिने. छान होतं, सगळी शेपटं जुळलेली. मी म्हटलं, बरं झालं, तेवढाच शीण वाचला लोकांचा.

मागच्या दिवाळीत संतोषने यांना कानाचं यंत्र आणलं. ते घातल्या दिवशी यांचं पहिलं वाक्य, "तू एवढी वरडतीस कशाला?" सतरा-अठरा वर्षांची सवय, जाता जाईना. मग कुकरची तक्रार, नळाची तक्रार, पंख्याची तक्रार. "हे सगळं रोज वाजतं व्हय घरात?" हो म्हटलं, रोज वाजतं.

त्या गुरुवारी फोन ठेवून मी गच्चीवर पुटपुटत उभी होते, तेव्हा हे वर आले. यंत्र कानात होतं.

"कुनाचं नाव?" म्हणाले.

"कुणाचं नाही. दमले आता."

हे कठड्याच्या सावलीत बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "माझं म्हन की एकदा. कानानं ऐकलंच न्हाई मी ते."

मी म्हटलं. काठी हातात तशीच. माझा आवाज आता फाटलेला, चाल कुठे गेली कुणास ठाऊक, 'घाम'वर खोकला आला. हे भुवया आवळून ऐकत होते, नवीन भाडेकरूकडे बघावं तसं. चौथी ओळ झाली. हात जोडले नाहीत. मग हळूच कानातलं यंत्र काढलं, माझ्या डायरीवर ठेवलं आणि माझ्याकडे तोंड करून नीट बसले.

"आता म्हन," म्हणाले.

मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. ओठ हलवले फक्त. आवाज लावला नाही.